चूक नसली तरी खूण करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातलं वाचकांच्या पत्रांचं पान मी गेली कित्येक वर्षं न चुकता वाचते. हातात पेन्सिल घेऊन वाचते, कारण पोटापाण्याचा धंदाच तो होता. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी १९७९ साली मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा एकवीस वर्षांची होते. छापखाना बंद झाल्यावर प्रकाशकांची प्रुफं घरी आणून वाचायची, ती २०१६ साली डोळ्यांच्या ऑपरेशननंतर थांबवली. सदतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि त्याचे पैसे घेतले. आज जे लिहायचं आहे ते या कामातूनच आलेलं आहे, म्हणून आधी सांगितलं.

मागच्या महिन्यात पंधरा दिवसांची पत्रं मी कात्रीने कापून एका पाकिटात ठेवली. एकेचाळीस भरली. उखडलेले रस्ते, थांब्यावर न थांबणाऱ्या बस, पदपथावरच्या दुचाक्या, कमी दाबाने येणारं पाणी, रात्री बारानंतरचे डीजे. एकेचाळीसच्या एकेचाळीस तक्रारी, आणि मला तरी त्यांतली एकही खोटी वाटली नाही. तक्रार करू नये, सगळं गोड मानून घ्यावं, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. साध्या दाखल्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चपला झिजवल्या. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. ते हवंच होतं.

पण तक्रारीला रस्ता आहे. तिच्यासाठी वही आहे, पेटी आहे, फोन नंबर आहे, ॲप आहे, आपलं हे पान आहे. एखाद्याने काम नीट केलं तर ते कुठे नोंदवायचं, हे मी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी पहिला प्रश्न आला, ‘तक्रार काय आहे?’ तक्रार नाही म्हटल्यावर समोरचा माणूस गोंधळायचा. एका ठिकाणी मला तक्रारीचाच छापील अर्ज दिला आणि ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात लिहा म्हणून सांगितलं. मी त्या रकान्यात ज्याचं चांगलं काम पाहिलं होतं ते लिहून दिलं आणि पोच घेतली.

हे मला इतकं का लागतं, त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे.

छापखान्यात तेव्हा खिळ्यांचं काम चालायचं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपोझिटरच्या समोर आणि दोन्ही बाजूंना लाकडी खणांच्या पेट्या तिरप्या मांडलेल्या असत, आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार सगळं वेगळं लागतं, त्यामुळे मराठी कंपोझिटरचा हात दिवसभर केवढ्या पसाऱ्यात फिरायचा याची आज कल्पना येणार नाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची खोबणीची पट्टी, धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत बसवायचा. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. अशा ओळी जुळवून गॅली, म्हणजे लांबट तबक, भरायची, शाई फिरवून प्रूफ काढायचं, आणि ते लांबोडकं, ओलसर प्रूफ माझ्या टेबलावर यायचं. मी तांबड्या शाईने समासात खुणा करायची. ऱ्हस्वाचं दीर्घ, राहून गेलेला अनुस्वार, पालथा पडलेला खिळा. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत वाढवलेले चार, असे अठराच्या अठरा नियम टेबलाच्या काचेखाली होते. ते मला पाठ होते, पण काच तिथे असावी असं वाटायचं.

त्या छापखान्यात एक वयस्क कंपोझिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिकलेले सातवीपर्यंत, पण संस्कृत अवतरण असलेला मजकूर आला की मालक तो त्यांच्याच हातात द्यायचे. १९८२च्या पावसाळ्यात त्यांनी जुळवलेली एक गॅली माझ्याकडे आली. धर्मशास्त्रावरचा ग्रंथ, पानोपानी तळटिपा, तळटिपांत बारीक टाइपात जोडाक्षरांच्या रांगा. मी ती दोनदा वाचली. एकही चूक नव्हती. चूक नसेल तर खूण नाही, हा आमचा शिरस्ता. मी खाली सही केली आणि पोऱ्याबरोबर प्रूफ खाली पाठवून दिलं.

दहा मिनिटांनी मामा जिना चढून वर आले. त्यांना दमा होता, ते सहसा वर येत नसत. प्रूफ माझ्यासमोर ठेवलं, जरा श्वास घेतला आणि म्हणाले, “ताई, वाचलंत ना?”

“वाचलं की, मामा.”

“नाही, म्हटलं, खूणच नाही कुठे. राहून गेलं असेल.”

“चूकच नाहीये. खूण कशाची करू?”

मामा काही बोलले नाहीत. प्रुफाची घडी घातली, पुन्हा उलगडली. सगळ्यांत खालच्या तळटिपेवर अंगठा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. अंगठ्याच्या रेषांत शिशाचा काळा रंग मुरलेला होता. मग “असं होय. मग ठीक,” एवढंच म्हणाले आणि कठडा धरून खाली गेले.

मला ते तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी शनिवारवाड्याच्या थांब्यावर बसची वाट बघत उभी होते, तेव्हा कळलं. त्या माणसाने दमा सांभाळत तीन दिवस उभं राहून ती गॅली जुळवली होती. मी त्यांना जे परत पाठवलं, त्यात आणि न वाचता परत पाठवलेल्या प्रुफात काहीच फरक नव्हता. दोन्ही कोरीच. त्यांनी शाबासकी मागितलीच नव्हती. आपण केलेलं काम कुणी पाहिलं की नाही, एवढंच विचारायला ते जिना चढून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वच्छ गॅलीच्या खाली लिहायला लागले, ‘वाचलं. स्वच्छ.’ आणि जमेल तिथे एखादी जागा दाखवायची, ‘तळटीप ४मधलं जोडाक्षर नीट बसलंय.’ मालकांनी एकदा विचारलं, समासात हे काय नवीन? मी म्हटलं, हेही शोधनच आहे. ते पुढे काही बोलले नाहीत.

यानंतर मामांची प्रुफं निर्दोष यायला लागली असं काही झालं नाही. चुका यायच्याच. पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. जिथे त्यांना स्वतःला शंका असायची तिथे ते पेन्सिलीने बारीकसं टिंब ठेवून प्रूफ पाठवू लागले. म्हणजे, ताई, इथे बघा. पूर्वी ते असं कधी करत नसत. शंका दाखवली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, अशी धास्ती कामगाराला असते. आपलं बरोबर आलेलंही या बाईला दिसतं, हे एकदा कळल्यावर ती धास्ती गेली असावी. त्या टिंबांनी माझ्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी चुका वाचवल्या. पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं, खिळे किलोच्या भावाने गेले, मामाही निवृत्त झाले.

एवढं शिकूनही घरी मी तेच केलं, हे लिहायला जड जातं. चार वर्षांपूर्वी माझी नात चौथीत होती. ‘पावसाळ्यातला एक दिवस’ असा निबंध घेऊन आली. “आजी, बघ ना.” मी चष्मा लावला, पेन उचललं आणि सहा वेलांट्या दुरुस्त केल्या. ‘टाळया’ असं लिहिलं होतं, तिथे ‘टाळ्या’ केलं. वही परत दिली. त्यानंतर वर्षभर तिने मला काही दाखवलं नाही. मी विचारलं की “शाळेतच राहिलं” म्हणायची.

एकदा दप्तर आवरताना ती जुनी वही माझ्या हाताला लागली. मी तो निबंध परत वाचला. ज्या वाक्यात मी तांबडी खूण केली होती ते वाक्य असं होतं: ‘पाऊस आला आणि आमच्या गॅलरीतल्या कपड्यांनी टाळ्या वाजवल्या.’ नऊ वर्षांच्या मुलीने दोरीवरचे कपडे वाऱ्यात फडफडताना पाहिले होते आणि त्यांचा आवाज ऐकला होता. मी फक्त पाय न मोडलेला ‘ळ’ पाहिला. मी तिच्याजवळ जाऊन तिला ते वाक्य वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं गं. तिने वही ओढून घेतली, पण रात्री माझ्या शेजारी येऊन झोपली. आता आमचं ठरलेलं आहे. पहिल्या वाचनात मी पेन्सिलीने आवडलेल्या ओळीखाली रेघ मारायची, तांबडं पेन दुसऱ्या वाचनात. वेलांट्या तिच्या अजूनही चुकतात, आणि मी त्या सोडत नाही.

आमच्या पिढीला हे अवघड जातं, त्याचं कारणही घरातच आहे. तोंडावर कौतुक करू नये, पोरं शेफारतात, दृष्ट लागते, असं ऐकत आम्ही वाढलो. आमच्याकडे मुलांचं कौतुक पाहुण्यांपुढे व्हायचं, मुलांपुढे कधी नाही. माझे वडील मला ‘अक्षर सुधार’ याच्यापलीकडे काही म्हणाल्याचं आठवत नाही. ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितलं, की पुस्तक छापून आलं की ते घेऊन तुझे वडील आमच्याकडे यायचे आणि ‘हे आमच्या पोरीच्या नजरेखालून गेलंय’ म्हणून दाखवायचे. मी तेव्हा चाळिशीत होते. पानं वाचून डोळे लाल झालेल्या कितीतरी रात्री मला त्या एका वाक्यावर काढता आल्या असत्या.

तेव्हा निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, की आपला डोळा ज्या कामाला तयार झाला आहे तेच काम करायचं, फक्त खूण बरोबर असलेल्या जागी करायची. पोस्टातून वीस पोस्टकार्डं आणते, दहा रुपयांची. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ला पाव आण्याला सुरू झालं, आज ते पन्नास पैशांना मिळतं. पत्त्यात पिनकोड नीट लिहायचा. १५ ऑगस्ट १९७२पासूनची ती व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा कवी होता, आणि का कोण जाणे, ते सहा आकडे लिहिताना मला दर वेळी त्याचं बरं वाटतं.

एका कार्डाची हकिकत सांगते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. टिळक रोडवरच्या थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, त्यामुळे बस बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध थांबते आणि पदपथावरून उतरून पुन्हा पायरी चढायची म्हणजे माझी कसरत होते. पण सकाळी साडेदहाच्या सुमाराला येणारा एक ड्रायव्हर बस अशी आणायचा, की दार पदपथाला लागून उभं राहावं. वाट काढायला थोडा हॉर्न, थोडी हाताची खूण, आणि बस आत. मी चढले की तो लगेच गाडी काढत नसे. वरच्या आरशात बघायचा. मी बसले की मग गिअर टाकायचा. हे मी दोन महिने पाहिलं. मग बसचा नंबर, तारीख, वेळ टिपून घेतली आणि डेपो मॅनेजरच्या नावाने लिहिलं:

‘आपले चालक टिळक रोडच्या थांब्यावर बस पदपथाला लावून उभी करतात. वयस्क प्रवासी जागेवर बसेपर्यंत आरशात बघून थांबतात. १२ तारखेला त्यांनी काठी असलेल्या एका गृहस्थांसाठी हेच केले. मी त्याच बसमध्ये होते. त्यांना कळवावे.’

तीन आठवड्यांनी बसमध्ये चढले, तर त्याने आरशातून न बघता मागे वळूनच विचारलं, “मावशी, ते कार्ड तुम्ही टाकलंत का?”

“हो. का हो?”

“साहेबांनी केबिनला बोलावलं म्हणून निरोप आला. मी आधी घरी फोन केला बायकोला. म्हटलं, मेमो आला बहुतेक. एकोणीस वर्षं झाली नोकरीला, केबिनला बोलावणं म्हणजे मेमोच.” मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, “साहेबांनी वाचून दाखवलं. म्हणाले, तू आरशात बघून थांबतोस हे मलाही माहीत नव्हतं.”

मागून हॉर्न वाजायला लागले होते. तरी मी बसल्यावरच त्याने गाडी काढली.

एकोणीस वर्षं नीट काम केलेल्या माणसाला साहेबांचं बोलावणं आलं की पाय लटपटावेत, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या साहेबांचाही यात दोष नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचतं तेच त्यांना दिसणार, आणि आपण प्रवासी त्यांच्यापर्यंत फक्त एकाच रंगाची शाई पोचवतो.

आणखीही कार्डं टाकली. रक्ततपासणीच्या वेळी माझी शीर सापडत नाही. एका मुलीने सुई हातात घेण्याआधी माझा तळवा स्वतःच्या दोन्ही हातांत धरून चोळून गरम केला आणि एका टोचण्यात काम केलं. तिच्या वरिष्ठांना लिहिलं. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही. मंडईतले एक भाजीवाले काका मेथीची जुडी देताना आतली पिवळी पानं स्वतः काढून टाकतात. त्यांना वरिष्ठ कोण, म्हणून कार्ड त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते तराजूच्या मागे खोचलंय.

कार्डावर विशेषणं लिहायची नाहीत, हा मी नियम केला आहे. ‘उत्कृष्ट सेवा’, ‘अप्रतिम’, ‘फार छान’ हे शब्द कुणालाही, कुणाहीबद्दल लिहिता येतात. आयुष्यभर प्रस्तावना वाचल्या आहेत मी, विशेषणं किती स्वस्त असतात ते मला माहीत आहे. ‘आरशात बघून थांबला’ हे मात्र ज्याने पाहिलं त्यालाच लिहिता येतं, आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. मोबाइलवर ‘लाइक’चा अंगठा उमटवणं सोपं असतं, पण तो अंगठा कशाला होता हे दुसऱ्या दिवशी दोघांनाही आठवत नाही.

हे मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी. त्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातून २००८ साली महापालिकेशी करार करून ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. देशात फार थोड्या शहरांत असं झालं असेल. करोनाच्या साथीत अत्यावश्यक सेवा देणाऱ्यांसाठी २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी गॅलरीत येऊन टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मी उत्साहाने विचारलं, “काल टाळ्या ऐकल्या का?”

“ऐकल्या की,” त्या म्हणाल्या. “आमच्यासाठी होत्या व्हय?”

त्यांचा उजवा हातमोजा तर्जनीपाशी फाटला होता. तो कधीपासून फाटलेला होता, हे मला सांगता आलं नसतं, आणि मी रोज दार उघडत होते.

त्या दिवशी मामा फार आठवले. टाळी सगळ्यांसाठी वाजवली, ज्यांच्यासाठी वाजवली त्यांच्यापर्यंत ती गेलीच नाही. मी मावशींना विचारलं, तुम्हाला काय बरं वाटेल? दिवाळीला साडी वगैरे म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, काच फुटली तर कागदात गुंडाळून वेगळी द्या. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागत नाही. महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात द्या. आणि पोरांना सांगा, ‘कचरा आला’ म्हणून ओरडू नका, मला नाव आहे. यातल्या चारही गोष्टी आम्ही इमारतीत केल्या. चौथीला सगळ्यांत कमी कष्ट पडले, आणि तिचीच त्यांनी मला नंतर दोनदा आठवण करून दिली. पोरं आता त्यांना नावाने मावशी म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हातमोजे, पगार, रजा, विमा यांच्या जागी कौतुक चालणार नाही. एखादा मालक गोड शब्द बोलून पगारवाढ टाळत असेल तर ती टाळाटाळच आहे, आणि तिची तक्रार आपल्या याच पानावर यायला हवी. तसंच, ‘त्यात काय, पगार घेतात’ असं म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. मीही पगार घेत होते. प्रूफ वाचायचा पगार होता. मामांच्या टिंबांकडे बघण्याचा कुणी मला वेगळा देत नव्हतं, आणि त्या ड्रायव्हरला आरशात बघून थांबण्याचा कुणी देत नाही.

पुण्याला हे येत नाही असंही नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या दोन रात्री मुक्कामाला येतात, एक भवानी पेठेत पालखी विठोबापाशी, एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. तेव्हा हेच शहर वारकऱ्यांचे पाय चेपतं, चपला शिवून देतं, दाढी करून देतं. लहानपणी मी नाना पेठेत पाहिलेलं आहे. चप्पल शिवून झाल्यावर वारकरी वाकून चांभारकाकांच्या पाया पडला, ‘माऊली’ म्हणाला, आणि काका टाके घालायची आरी हातात तशीच धरून त्याच्या पाया पडले. कोण कुणाचं कोण हे दोघांनाही माहीत नव्हतं. मला दरवर्षी वाटतं, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं आपण कुठे ठेवून देतो?

संपादक महाराज, आता विनंती. या पानावर रोज एक चार ओळींची चौकट द्यावी. तीत वाचकाने पाहिलेलं एक नीट झालेलं काम छापावं. ठिकाण, तारीख, वेळ आणि नेमकं काय केलं ते. विशेषणं आपल्या उपसंपादकांनी काढून टाकावीत. काम करणाऱ्याचं नाव त्याची परवानगी असेल तरच छापावं. पत्र पाठवणाऱ्याचं त्याच्याशी नातं किंवा व्यवहार नसावा, ही अट घालावी, आणि फोन करून खात्री करून घ्यावी, नाहीतर चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांसारखं व्हायला वेळ लागणार नाही. कोणतंही पद असलेल्या माणसाला त्या चौकटीत जागा देऊ नये, त्यांच्यासाठी जागा पुष्कळ आहे. आणि छापलेल्या चौकटीची एक प्रत त्या माणसाच्या कार्यालयाला आपल्या शिक्क्यानिशी पाठवावी. टपालखर्च जास्त वाटत असेल तर पहिल्या वर्षाची पोस्टकार्डं मी आणून देते, त्यांवर पत्तेही माझ्या अक्षरात लिहून देते. अक्षर सुधारलं आहे.

पहिली चौकट कुणाची, हेही माझ्याकडे तयार आहे. गेल्या मंगळवारी याच पानावर, आमच्या भागातल्या रस्त्याबद्दलच्या तक्रारीला आपण मथळा दिला होता, ‘अंतर्गत रस्त्याची दुरवस्था’. फलकांवर, निवेदनांत, पत्रकांत हा शब्द बहुतेक सगळीकडे ‘दुरावस्था’ असा चुकीचा लिहिला जातो. ते पत्र लिहिणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना विचारलं, त्यांनी पाठवलेल्या मजकुरातही काना होता. म्हणजे आपल्या कार्यालयात रात्री कुणीतरी तो मथळा थांबून वाचला आणि काना काढला. सकाळी तो शब्द हजारो लोकांनी वाचला असेल आणि कुणालाच काही वेगळं दिसलं नसेल.

ते कोण आहेत मला माहीत नाही. कृपया त्यांना केबिनला न बोलावता, त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगावं: वाचलं. स्वच्छ.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
सहकारनगर, पुणे ४११००९

(पत्रातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये. नाव, पत्ता आणि फोन सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे.)